वर्षभराचा शब्द

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त दिल्ली येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना तिच्याविषयी बोलू लागले तर आठवणींना अंत राहणार नाही. म्हणून मी एकच आठवण सांगते आणि तिच्या आधाराने आजच्या विषयाकडे वळते.

१९७४ साली मी पाचवीत दाखल झाले. आमच्या वर्गातील निम्म्या मुलांचे वडील गावात नसत. कोणाचे मद्रासला, कोणाचे कलकत्त्याला, कोणाचे येथे दिल्लीत, सोन्याचांदीच्या गलाईच्या दुकानात. आपल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्याने आपली माणसे भारतभर कशी पाठवली, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. शनिवारची सकाळची शाळा सुटली की आमचे भूगोलाचे सर घरी न जाता शाळेसमोरच्या पारावर बसत. आम्ही पाच-सहा मुले त्यांच्याभोवती जमत असू. सर तेथे काही शिकवत नसत. वडिलांचे पत्र आले असेल तर वाचायला सांगत, ते ज्या गावाहून आले ते गाव नकाशात शोधायला लावत आणि उत्तर लिहायला मदत करत. अर्ध्या-पाऊण तासाचा हा कार्यक्रम. पण मंगळवारी घरात काही बिनसले तरी मनात येई, शनिवारी सर विचारतील. सरांनी आम्हांला उपदेश केल्याचे मला आठवत नाही. सर शनिवारी पारावर नव्हते, असेही आठवत नाही.

आज ज्याला इंग्रजीत मेंटॉर म्हणतात, ते आमचे सर होते. हा शब्द ग्रीक महाकवी होमरच्या ‘ओडिसी’तून आला. युद्धावर जाताना ओडिसियस आपले घर ज्या मित्राच्या हवाली करून गेला, त्याचे नाव मेंटॉर. वडील परगावी आणि मुलगा घरी, अशीच ती गोष्ट आहे. तिच्यात त्या मुलाला धीर देण्यासाठी प्रत्यक्ष अथीना देवी मेंटॉरचे रूप घेऊन येते. आपण मराठीत ‘मार्गदर्शक’ म्हणतो. मला तो शब्द थोडा उंचावरचा वाटतो. मार्ग दाखवणारा बोट दाखवून आपल्या वाटेने निघून जाऊ शकतो. म्हणून मी आज ‘सोबती’ हा शब्द वापरणार आहे. सोबत करायची तर चालावे लागते, आणि लहान मुलाच्या चालीने चालावे लागते.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

२०१२ साली मी सरकारी नोकरीत होते आणि वैशालीला राहत होते. करोलबागेत आपल्याकडील एका गलाई कुटुंबाशी ओळख झाली. वडील दुकानात, आई घरात, एकाच खोलीत पाच माणसे. मुलगी सहावीत होती. गावाकडे पाचवीपर्यंत मराठीत शिकून येथे हिंदी शाळेत आली होती आणि वर्गात तोंड उघडत नव्हती. मी मोठ्या उत्साहाने म्हणाले, “मी दर रविवारी दोन वाजता येत जाईन.” पाच रविवार गेलेही. मग कार्यालयात कामाचा रेटा आला, माझ्या मुलीची दहावी होती, एक रविवार चुकला, मग दुसरा. तिसऱ्यानंतर जायचीच लाज वाटू लागली. मी काही कळवले नाही. चार-पाच महिन्यांनी बाजारात तिची आई भेटली. बाई रागावली नाही. एवढेच म्हणाली, “ताई, पोरगी दर रविवारी दोन वाजता वेणी घालून जिन्यात बसायची. मी म्हणायची, कामात असतील, येतील. मग तिनंच बसायचं सोडलं.” मी त्याच आठवड्यात त्यांच्या घरी गेले. मुलगी आतल्या बाजूला तोंड करून बसली आणि बाहेर आली नाही.

मी त्या मुलीला मदत केली नाही, एवढाच हा प्रश्न असता तर तो साधा होता. मी तिच्या आयुष्यात आलेच नसते तर ती होती तेथेच राहिली असती. मी येऊन निघून गेले, त्यामुळे मोठ्या माणसांच्या शब्दाला किंमत नसते, ही एक नवी गोष्ट ती शिकली, आणि ती मी शिकवली.

पुढे या विषयावर वाचू लागले तेव्हा कळले की माझा अनुभव काही जगावेगळा नव्हता. अमेरिकेत ही चळवळ जुनी आहे. १९०४ साली न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातील अर्नेस्ट कुल्टर नावाच्या कारकुनाने, न्यायालयात येणाऱ्या मुलांची दशा पाहून, एका सभेत सुजाण नागरिकांना आवाहन केले आणि सुमारे चाळीस गृहस्थ एकेका मुलाचे ‘मोठे भाऊ’ व्हायला तयार झाले. त्यातून ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ ही संस्था वाढली. १९९५ साली तिच्या कामाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १० ते १६ वर्षांच्या ९५९ मुलामुलींपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्यांना सोबती दिला आणि निम्म्यांना दीड वर्ष थांबवून ठेवले. सोबती मिळालेल्या मुलांत अमली पदार्थांची सुरुवात करण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी आढळले आणि शाळा बुडवणे निम्म्यावर आले. हे आकडे सर्वत्र सांगितले जातात. पण त्याच माहितीचा पुन्हा अभ्यास करून जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोघींनी २००२ साली जे मांडले, ते कमी सांगितले जाते. ज्यांची सोबत वर्षभर किंवा अधिक टिकली, त्या मुलांना सर्वांत जास्त लाभ झाला. ज्यांची सोबत तीन महिन्यांच्या आतच तुटली, त्यांच्या मनातील स्वतःविषयीची किंमत उलट घसरली. जिन्यात बसलेली ती मुलगी मला त्या ओळींत दिसली.

तेव्हा आज मला सांगायचे आहे ते एवढेच: मुलाला देण्यासारखी सोबत्याजवळ सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ठरल्या वेळी येणे. बाकीचे सारे, खेळ, पुस्तके, सहली, सल्ले, या एका गोष्टीच्या आधाराने उभे राहते. आणि हे येणे वर्षभर टिकावे म्हणून सोबत्यालाही आधार लागतो. कोणाच्या नुसत्या चांगुलपणावर ते टिकत नाही, हे मी स्वतःवरून जाणते.

दुसऱ्यांदा मी हे काम हाती घेतले ते निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना, जुलै २०२२ मध्ये. या वेळी एकटीने नव्हे. आम्ही चार मैत्रिणींनी मिळून आधी एकमेकींना शब्द दिला आणि मगच मुलांना. माझ्या वाट्याला सहावीतला एक मुलगा आला. त्याची आणि त्याच्या आईवडिलांची परवानगी घेऊनच मी त्याच्याविषयी बोलते आहे, आणि त्याचे नाव येथे सांगणार नाही. वडील चांदणी चौकातील कूचा महाजनीत गलाईच्या दुकानावर, राहायला करोलबागेत. भट्टी, तेजाब आणि धूर यांच्यात दिवस घालवून बाप रात्री दहाला येई. मुलाचे प्रेम कमी नव्हते, वेळ नव्हता.

नव्याने हे काम करणारा प्रत्येक जण पहिल्यांदा एकच विचारतो, “भेटून करायचे काय?” पहिल्या दोन रविवारी मीही त्याला गणित शिकवायला बसले आणि तो भिंतीवरची पाल पाहत बसला. म्हणून जे साधले, ते थोडे तपशिलाने सांगते.

पहिला उपक्रम, बोलण्याचा. भेटीच्या सुरुवातीला दोघांनीही आठवड्यातील एक गोड आणि एक कडू गोष्ट सांगायची. दोघांनीही, हे महत्त्वाचे. मी माझ्या वरिष्ठांनी टोचून बोललेले सांगितले, तेव्हा कोठे त्याने वर्गातील मुले त्याच्या हिंदीला हसतात हे सांगितले.

दुसरा, नकाशाचा. हा सरळ आमच्या सरांकडून घेतला. निजामुद्दीनहून निघणारी गोवा एक्सप्रेस मिरजेपर्यंत कशी जाते, हे आम्ही मोठ्या कागदावर काढले. मथुरा, आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, भोपाळ, भुसावळ, मनमाड, पुणे. वेळापत्रक घेऊन दोन स्थानकांमधले अंतर, लागणारा वेळ, गाडीचा वेग काढला. ज्या मुलाला गणित नकोसे होते, त्याने तीन रविवार भागाकार केले आणि त्याला गणित म्हणावे असे त्याला वाटलेही नाही. मग प्रत्येक स्थानकावर कोणती भाषा कानावर येते, चहाला काय म्हणतात, हे त्याने आपल्या आठवणीतून लिहिले. हा कागद अजून त्याच्याकडे आहे.

तिसरा, हातांचा. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्रिकोण, चौकोन, घन उभे राहतात. त्यांची पुस्तके मराठीत आणि हिंदीतही आहेत व संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. काही करताना मुले जास्त बोलतात, हा माझा अनुभव आहे. समोरासमोर बसून प्रश्न विचारले की मूल गप्प होते. हात कामात गुंतले की जीभ सुटते.

चौथा, दोन भाषांतील वाचनाचा. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर एकच गोष्ट मराठीत आणि हिंदीत मोफत वाचता येते. आधी मराठीतून वाचायची, मग हिंदीतून. आपली मराठी हे हिंदीच्या वाटेतले ओझे नसून तिची पायरी आहे, हे मुलाला कळू लागते. ज्यांना गावाकडील अभ्यासक्रमाशी नाते ठेवायचे आहे, त्यांना बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर मिळतात. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तके स्वस्त आहेत, आणि बहादूरशाह जफर मार्गावरच्या नेहरू हाऊसमध्ये, शंकर यांनी १९५७ साली स्थापन केलेल्या चिल्ड्रन्स बुक ट्रस्टचे पुस्तकभांडार आणि बाहुल्यांचे संग्रहालय आहे.

पाचवा, शहर आपले करण्याचा. दिल्लीत जन्म काढलेल्या आपल्या कितीतरी मुलांनी घर, शाळा आणि दुकान यांपलीकडची दिल्ली पाहिलेली नसते. महिन्यातून एकदा मेट्रोने बाहेर पडायचे. मार्ग मुलाने शोधायचा, आपण मागून चालायचे. चाणक्यपुरीचे रेल्वे संग्रहालय, प्रगती मैदानाजवळचे राष्ट्रीय विज्ञान केंद्र, जंतरमंतर, कोटला मार्गावरील राष्ट्रीय बाल भवन. सहलीहून आल्यावर निबंध लिहायला लावू नये, अशी माझी विनंती आहे. सहलीचा आनंद त्यात निम्मा होतो.

अशाच एका फेरीची हकिकत सांगते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियममध्ये ९८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली येथे संमेलन झाले होते, त्यानंतर ७१ वर्षांनी. आणि अध्यक्षा कोण, तर आपल्या सांगलीच्या डॉ. तारा भवाळकर. मी त्याला घेऊन गेले. आठवीतला मुलगा, साहित्य त्याला काय कळणार, असे मलाही वाटले होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, “मावशी, इथं सगळे मराठीच बोलतायत, आणि मोठ्यानं.” करोलबागेच्या गल्लीत जी भाषा तो आवाज खाली करून बोलत असे, ती ध्वनिक्षेपकावरून ऐकू येत होती. त्या दिवशी मी त्याला काहीही समजावून सांगितले नाही. सांगण्याची गरज नव्हती.

या उपक्रमांबरोबर काही व्यवहाराची माहिती सोबत्याजवळ असलीच पाहिजे. आपली कुटुंबे फिरती. वर्षाच्या मध्ये मूल गावाहून दिल्लीत येते आणि शाळा म्हणते, दाखला नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, आणि त्याला वयानुरूप वर्गात बसवायचे असते, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. शांतपणे आणि हात जोडून का होईना, पण हे सांगता आले पाहिजे. दुसरे, १०९८ हा बालकांसाठीचा मदतीचा क्रमांक. तो सोबत्याच्या वहीत पहिल्या पानावर असावा आणि मुलालाही पाठ असावा. तिसरे, १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक. मुलाचे मन फार खचलेले दिसले तर आपण मानसोपचारतज्ज्ञ होऊ नये; जाणत्याकडे पोचवावे.

आता थोडे कटू, पण आवश्यक. परक्या मोठ्या माणसाला आपल्या मुलापर्यंत येऊ देणे ही लहान गोष्ट नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये दिल्ली सरकारने ‘देश के मेंटॉर’ ही योजना सुरू केली. १८ ते ३५ वयाच्या तरुणांनी सरकारी शाळांतील नववी ते बारावीच्या मुलांशी दूरध्वनीवरून नियमित बोलावे, अशी कल्पना होती. काही महिन्यांतच राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मुलांच्या सुरक्षिततेविषयी आक्षेप घेतले आणि मेंटॉरांची पोलीस पडताळणी होते का, असे विचारले. त्यावर राजकारण झाले, त्यात मला पडायचे नाही. पण प्रश्न योग्य होता, आणि कोणत्याही चांगल्या कामाला तो विचारलाच पाहिजे. पालकहो, मलाही विचारा.

आम्ही चौघींनी स्वतःपुरते काही नियम केले. पोलीस पडताळणी आधी, भेट नंतर. भेट नेहमी उघड्या जागी किंवा घरची माणसे असताना. मुलाला एकट्याने आपल्या घरी न्यायचे नाही. सहलीला दोन सोबती आणि किमान दोन मुले. पालकांच्या परवानगीवाचून कोठे नेणे नाही, छायाचित्र कोठे टाकणे नाही. पैसे आणि महागड्या भेटी नाहीत, कारण देणाऱ्याघेणाऱ्याचे नाते एकदा झाले की सोबतीचे उरत नाही. आणि शेवटचा नियम: “कोणाला सांगणार नाही” असे वचन मुलाला द्यायचे नाही. “तुझ्या जिवाला धोका असेल तर मी योग्य माणसाला सांगेन, पण तुला आधी सांगून,” असे म्हणायचे. लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यास ती पोलिसांना देणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. हे न जाणणारा सोबती मनाने कितीही प्रेमळ असला तरी मुलाचे रक्षण करू शकणार नाही.

तर मग सोबत्यांना आधार कोणाचा? मी २०१२ साली गळाले, कारण माझी चूक विचारणारे कोणी नव्हते आणि माझी अडचण ऐकणारेही कोणी नव्हते. या वेळी आम्ही महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकत्र बसत होतो. प्रत्येकीची एक साधी वही असे: तारीख, काय केले, मूल कसे वाटले, पुढच्या वेळी काय. चहा होई, रडणे होई, भांडणेही झाली. एकीला येता येत नसेल तर दुसरी जाई, आणि मुलाला आदल्या दिवशी कळवले जाई. निरोप देऊन चुकलेला रविवार मूल विसरते. न सांगता चुकलेला रविवार त्याच्या लक्षात राहतो.

प्रशिक्षण नसलेल्या साध्या माणसांनाही नीट आधार मिळाला तर काय घडते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ने मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच तरुणी नेमल्या. त्यांना ‘बालसखी’ म्हणत. त्यांचा अभ्यास मुंबई आणि वडोदरा येथे ज्यांनी केला, त्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डफ्लो होते, २०१९ चे नोबेल मानकरी. सर्वांत मागे पडलेल्या मुलांना सर्वांत अधिक फायदा झाला, असे त्यांना दिसले. या मुली काही पदवीधर शिक्षिका नव्हत्या. आणि त्याहून मागे जायचे तर कर्मवीर भाऊराव पाटील आणि लक्ष्मीबाई यांचे साताऱ्याचे वसतिगृह आठवा. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. आपल्या भागातली शाळा अशा माणसांच्या जिवावर उभी राहिली. आपल्याला दागिने मोडायचे नाहीत. आठवड्यातला एक तास द्यायचा आहे.

आता त्या मुलाचे पुढे काय झाले? त्याने पदक मिळवले नाही की तो वर्गात पहिला आला नाही. हिंदीत तो आता न घाबरता बोलतो, गणितात पास होतो. एकदा सहज म्हणाला, “रविवारी मावशी विचारतील, म्हणून मी शनिवारीच गृहपाठ करून टाकतो.” मला पारावरचे सर आठवले. या वर्षी एप्रिलमध्ये त्याच्या वडिलांचे दुकान बंद झाले. घरच्यांनी त्याला आजीकडे गावी पाठवले, पुन्हा मराठी शाळेत, नववीत. जाण्यापूर्वी आम्ही चार रविवार आधीपासून निरोपाची तयारी केली. त्याने माझ्यासाठी आजीच्या घराचा नकाशा काढला, मी त्याला आमच्या तीन वर्षांच्या वहीची प्रत दिली. आजही रविवारी दोन वाजता फोन होतो. पण फोनवरून काड्यांचा घन करता येत नाही. गावी त्याच्या गल्लीत त्याला विचारणारा कोणी नाही.

बंधू-भगिनींनो, येथेच माझी विनंती सुरू होते. आपल्या समाजाची मुले दोन गावांची आहेत. दिल्लीतील धंदा बसला की ती गावी जातात, गावी पाऊस बसला की दिल्लीत येतात. प्रत्येक फेरीत त्यांची शाळा, भाषा, मित्र सारे सुटते. अशा मुलांना दोन्ही टोकांना सोबती देण्याचे काम दुसऱ्या एखाद्या संस्थेपेक्षा आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना सोपे आहे, कारण आपण स्वतः दोन्ही टोकांना आहोत. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने कमान होईल, सभागृह होईल, व्हावेच. त्याबरोबर एक नोंदवही व्हावी. तिच्यात एका बाजूला दिल्ली परिसरातील सोबत्यांची नावे, दुसऱ्या बाजूला गावाकडील. मूल येथून निघाले की येथल्या सोबत्याने तिकडच्या सोबत्याला कळवायचे, आणि त्याचा हात आपल्या हातातून त्या हातात द्यायचा. शाळेने शनिवारी दोन तासांसाठी एक वर्ग उघडा ठेवावा, एवढीच गुरुजनांकडे मागणी आहे.

नाव देण्यापूर्वी मात्र विचार करा. पुढच्या वर्षी बदली होणार असेल, घरी आजारपण असेल, तर नाव देऊ नका. सहलीला मदत करा, पुस्तके द्या, महिन्याच्या बैठकीला जागा द्या. त्यालाही तितकाच मान आहे. पण ज्याने मुलाला “मी येईन” असे सांगितले, त्याने वर्षभर यावे. मुलाला दिलेला शब्द परत घेता येत नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी भट्टीपुढे आयुष्य काढले, त्यांना मी सोन्याविषयी काय सांगणार? पण भट्टी पेटवून कोणी गावाला जात नाही, एवढे मलाही कळते. जवळ बसावे लागते.

त्या सहावीतल्या मुलीला मी पुन्हा कधी भेटू शकले नाही. ते कुटुंब दुसऱ्या शहरात गेले. आज ती पंचविशीत असेल. योगायोगाने हे भाषण छापले जाऊन तिच्या हाती पडलेच, तर तिला एवढे कळावे की त्या रविवारी मी चुकले होते, ती नव्हे.

नोंदवही दाराशी टेबलावर ठेवली आहे.